उत्तर: उत्तर: शिबिराची वेबसाइट-यादी, पान २ छापायचं थांबवा

प्रेषक: मास्तर, निपाणी

शिबिरात पोरांना द्यायची वेबसाइटांची यादी बघितली. पान २ छपाईला देऊ नका. अंतराळ स्थानकाच्या वेळा ‘हेवन्स-अबव्ह’वरून उतरवल्यात, पण त्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात ठिकाण काय लिहिलंय ते कुणी वाचलेलं दिसत नाही. तिथं ठिकाण ‘अनिर्दिष्ट’, अक्षांश शून्य, रेखांश शून्य आणि वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक वेळ, असं आहे. ठिकाण सांगितलं नाही की ही साइट शून्य-शून्य धरते. तो बिंदू आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात येतो. तिथल्या खलाशांना हे वेळापत्रक उपयोगी पडेल, बेळगावात टिळकवाडीच्या गच्चीवर नाही.

प्रेषक: खजिनदार

मास्तर, पान २ कालच छापून आलंय. यूटीसी असेल तर साडेपाच तास मिळवा की. पोरं पेनानं खोडून लिहितील. परत छपाईला पैसे नाहीत, मागच्या दिवाळी अंकाचंच बिल अजून अंगावर आहे.

प्रेषक: मास्तर, निपाणी

साडेपाच तास मिळवून वेळ बदलेल, जागा कशी बदलेल? स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किमी वर आहे. एवढ्या उंचीवरची वस्तू दीड-दोन हजार किलोमीटरच्या पलीकडून नीट दिसतच नाही. आखातावरून जाणारी फेरी वेगळी, आपल्यावरून जाणारी वेगळी.

दुरुस्ती अशी करा. साइटच्या पहिल्या पानावर ठिकाण बदलायची सोय आहे. तिथं अक्षांश १५.८५ उत्तर, रेखांश ७४.५० पूर्व, उंची ७५० मीटर घाला, वेळ भारताची निवडा आणि जतन करा. कोपऱ्यात हे आकडे दिसल्याशिवाय खालचा तक्ता वाचूच नका. तक्त्यात तेजस्वितेचा आकडा उणे असेल आणि जितका मोठा असेल तितकं स्थानक ठळक. उणे २ पेक्षा फिकट फेऱ्या सोडा. सर्वांत उंच बिंदू क्षितिजापासून ४० अंशांच्या खाली असेल तीही सोडा, शेजारच्या इमारतींच्या आड जाते.

आणि मुळात हे वेळापत्रक छापायची वस्तूच नव्हे. स्थानकाची कक्षा अधूनमधून वर ढकलतात, त्यामुळं आठवड्यापेक्षा जुना तक्ता मिनिटांनी चुकायला लागतो. कोरा तक्ता द्या, आकडे आदल्या दिवशी फळ्यावर लिहा.

प्रेषक: ताई, शहापूर

पान २ चं भांडण चालू दे. पान ३ वर नुसत्या लिंका आहेत आणि हॉलमध्ये नेट नाही, याचं काय? चाळीस पोरं एका मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालत नाहीत. म्हणून जे उतरवून घेता येतं तेवढंच ठेवूया.

१. ‘फेट’, कोलोरॅडो विद्यापीठाची प्रयोगांची साइट. प्रयोगाच्या पानावर भाषांतरांचा भाग उघडून मराठी शोधा आणि फाइल उतरवून घ्या. एक प्रयोग म्हणजे एकच फाइल, ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते. जावावर चालणारे जुने प्रयोग घेऊ नका, आता ब्राउझर ते उघडत नाहीत.

२. ‘स्टेलेरियम’, संगणकावर आकाश दाखवणारा प्रोग्राम. ब्राउझरमधलं नको, संगणकावर बसवायचं घ्या. एफ६ दाबून ठिकाणाची खिडकी उघडा. नेटवरून ठिकाण घेण्याच्या चौकटीतली खूण आधी काढा. नाहीतर नेट कंपनीच्या पत्त्यावरून ते बेंगळूर नाहीतर मुंबई धरतं आणि तारे थोडे-थोडे सरकतात. मग मास्तरांचे आकडे घाला आणि हेच ठिकाण कायम ठेवायची खूण करा. एफ५ वर तारीख-वेळ.

३. ‘किविक्स’ या नेटशिवाय वाचायच्या ॲपवर मराठी विकिपीडिया. इंग्रजीही हवा असेल तर पेनड्राइव्ह आधी तपासा. बहुतेक पेनड्राइव्ह फॅट३२ असतात आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. जागा भरपूर असली तरी ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येतो. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. आतलं सगळं पुसलं जातं, मंडळाच्या जुन्या फोटोंचा पेनड्राइव्ह घेऊ नका.

प्रेषक: सहचिटणीस

पान ३ वर बालभारतीची ई-पुस्तकं ठेवायचीच. मराठीत एवढं विज्ञान फुकट दुसरं कुठं मिळतं?

प्रेषक: ताई, शहापूर

ठेवा की, कोण नको म्हणतंय? पण आपली पोरं कर्नाटकाचा अभ्यासक्रम शिकतात. धड्यांचा क्रम जुळत नाही आणि पोरगं ‘आमच्या पुस्तकात हे नाही’ म्हणून वही मिटतं. कर्नाटक पाठ्यपुस्तक सोसायटीची मराठी माध्यमाची पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत, ती आधी आणि बालभारती जोडीला. करून बघण्यासाठी अरविंद गुप्तांची साइट ठेवा. काडेपेटी, सायकलची ट्यूब, स्ट्रॉ यांतून खेळणी, आणि मराठी पुस्तकंही आहेत. तिथले व्हिडिओ मात्र आधी उतरवून घ्या.

प्रेषक: अण्णा, खानापूर

आकाश झालं, पुस्तकं झाली. जंगलाचं पान कुठाय? खानापूरकडची पोरं येणार आहेत, त्यांना पक्षी-प्राणी रोज दिसतात.

‘मर्लिन’ ॲपचा भारताचा संच घरच्या वायफायवर उतरवून घ्या, भीमगडाकडं रेंज नाही. मग आवाजावरून पक्षी ओळखणं नेटशिवाय चालतं. नाव आलं तरी पक्षी डोळ्यांनी बघितल्याशिवाय ‘ईबर्ड’ या पक्षीनोंदींच्या साइटच्या यादीत घालू नका. कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो आणि ॲप फसतं.

‘आयनॅचरलिस्ट’ या प्राणी-वनस्पतींच्या नोंदींच्या साइटवर व्हॉट्सॲपनं आलेला फोटो चढवू नका. फोटोतली तारीख आणि जागा वाटेतच गळते आणि नोंद वाया जाते. मूळ फोनमधूनच चढवा. दोन-तृतीयांशाहून जास्त ओळखणाऱ्यांचं एकमत झालं की नोंद अभ्यासाच्या दर्जाची होते, पण तारीख आणि जागा असेल तरच. आणखी एक, बारापेडे गुहांच्या वटवाघळांची जागा उघडी ठेवायची नाही. नोंद करताना जागा धूसर ठेवायचा पर्याय निवडा, मग नकाशावर ती सुमारे वीस किलोमीटरच्या चौकोनात कुठंतरी दिसते. गुहेकडं कुणाला न्यायचं ते वनखात्याला विचारूनच ठरेल, मंडळात नाही.

प्रेषक: सहचिटणीस

शून्य सावलीचा, म्हणजे भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते त्या दिवसाचा, कार्यक्रम ३ मेला सगळीकडं एकदम घ्यायचा ना? भारतीय खगोलशास्त्र परिषदेच्या साइटवर गाव घातलं की तारीख येते, बेळगावची ३-४ मे आहे.

प्रेषक: मास्तर, निपाणी

निपाणीची नाही. निपाणी १६.४० अंशांवर आहे, आमची तारीख ५ मे. सूर्य त्या दिवसांत रोज पाव अंशाहून थोडा जास्त उत्तरेकडं सरकतो. एक तारीख सगळ्यांवर लादू नका.

प्रेषक: ताई, शहापूर

मास्तर, हिशेब करा. बेळगाव-निपाणीत फरक ०.५५ अंशाचा. ३० सेंटिमीटरच्या उभ्या नळीला ३ मिलिमीटर सावली. सूर्यबिंबच अर्ध्या अंशाचं आहे, त्यामुळं सावलीची कड तेवढीच पुसट असते. पोरांना फरक दिसणार नाही.

खरी गडबड घड्याळाची होते. सगळे बाराला उन्हात येऊन उभे राहतात. भारताची वेळ ८२.५ रेखांशाची, आपण ७४.५ वर. ८ अंश गुणिले ४ मिनिटं, म्हणजे ३२ मिनिटं मागं. मेच्या सुरुवातीला त्यातून ३ मिनिटं वजा होतात. म्हणजे १२ वाजून २९ मिनिटं. चार मिनिटं चुकली की सूर्य एक अंश सरकलेला असतो आणि सावली ५ मिलिमीटर. तारीख दोन दिवस चुकण्यापेक्षा हे वाईट.

प्रेषक: खजिनदार

शाळा मेमध्ये बंद असतात. ९ ऑगस्टला पण शून्य सावली येते म्हणे, तेव्हा घ्या की. पोरं शाळेतच असतील.

प्रेषक: अण्णा, खानापूर

ऑगस्टमध्ये खानापुरात सूर्य दाखवा, मंडळाला जेवण माझ्याकडून.

प्रेषक: मास्तर, निपाणी

ताईंचा हिशेब बरोबर आहे, पण ३० सेंटिमीटरच्या नळीपुरता. आम्ही शाळेच्या पटांगणात एक मीटरचा पाइप उभा करतो, तिथं दोन दिवसांचा फरक एक सेंटिमीटर होतो आणि मागच्या रांगेलाही दिसतो. निपाणी ५ मेलाच करणार.

बेळगावनं ३ ला करा, फक्त नळी ठेवायचं टेबल तपासा. टेबल एक अंश कललेलं असलं तरी ३० सेंटिमीटरला ५ मिलिमीटर सावली पडते आणि मग तारीख, घड्याळ सगळं बरोबर असून पोरं म्हणतात की सावली आहे. पाणसळ दोन्ही दिशांना लावा, आधी लांबीला मग रुंदीला. पायाखाली कागदाच्या घड्या घाला. नळी ओळंब्यानं उभी करा, नळीचं खालचं तोंड सरळ कापलेलं असतंच असं नाही. १२:२० पासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाला पेन्सिलनं खूण करा. ढग आला तरी खुणांच्या रेषेवरून कळतं.

प्रेषक: अण्णा, खानापूर

पाणसळ आणि ओळंबा आमच्या गवंड्याकडून आणतो. प्लास्टिकची नळी कुणीतरी आणा, दोन इंची, अर्धी इंची वाऱ्यानं हलते.