नागपुरी ‘पोट्टी’ : लाडाचा शब्द की हेटाळणीचा?

प्रश्न (पुण्याहून आलेली आई) :
बदलीमुळे आम्ही गेल्या वर्षी पुण्याहून नागपूरच्या धरमपेठेत राहायला आलो. शेजारच्या आजी माझ्या सात वर्षांच्या मुलीला पाहून ‘तुमची पोट्टी मोठी गोड हाये’ असे म्हणाल्या आणि मी दुखावले, कारण त्याच आठवड्यात बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डी बाजारातल्या, भांडणात ‘पोट्टे लय माजले’ हे वाक्य कानी पडले होते. हा शब्द नेमका कसा घ्यावा आणि तो आला कुठून?

उत्तर (नागपूरच्या महाल भागातील रहिवासी) :
आमच्याकडे पोट्टा म्हणजे मुलगा, पोट्टी म्हणजे मुलगी आणि पोट्टे म्हणजे मुले, मित्रमंडळी किंवा चौकात उभे असलेले कोणीही तरुण. ‘माहा पोट्टा बारावी पास झाला’ असे सांगताना बापाचा ऊर भरून येतो आणि चाळिशी उलटलेले मित्रही एकमेकांना ‘चला बे पोट्टेहो’ अशीच हाक मारतात. मात्र अनोळखी तरुणीला ‘ती पोट्टी’ म्हणणे आमच्या घरातही असभ्यच मानले जाते.

उत्तर (निवृत्त मराठी शिक्षक) :
पुष्कळ लोक हा शब्द ‘पोट’ याच्याशी जोडतात, कारण ‘पोटचा पोर’ हा प्रयोग आपल्या मनात पक्का आहे. काही जण तेलुगूतील ‘पोट्टि’ म्हणजे बुटका, ठेंगणा, याकडे बोट दाखवतात. मला स्वतःला ‘पोरटा’ या रूपापासूनची वाट अधिक पटते. ‘पोर’ला ‘टा’ लागून हेटाळणीचा ‘पोरटा’ होतो, आणि धर्माचा धम्म किंवा सर्पाचा सप्प होताना जसा ‘र’ पुढच्या व्यंजनात मिसळला, तसाच तो येथेही मिसळला असावा. तसे असेल, तर हेटाळणी मुळातच होती आणि विदर्भाने ती मायेने धुऊन काढली, असे म्हणावे लागेल.

उत्तर (हैदराबादेत वाढलेला नागपूरकर) :
हैदराबादच्या दखनी बोलीतही पोट्टा-पोट्टी आहेत, पण तेथे सूर बराच उद्धट लागतो. वऱ्हाड 1853 पर्यंत निजामाच्या कारभाराखाली होते, त्यामुळे दोन्हीकडच्या बोलींची देवाणघेवाण जुनी आहे.

प्रश्नकर्ती :
आजींच्या वाक्यात ‘तुमची’ही होते आणि ‘गोड’ही होते, मी मात्र मधला एकच शब्द ऐकला. आज संध्याकाळी मुलीला घेऊन त्यांच्याकडे जाऊन येते.