हायवेवर मुद्दाम रेस लावायला येणाऱ्यांचं काय करायचं?

निपाणीकर: परवा संकेश्वरहून बेळगावला येताना एनएच ४८ वर एक जण माझ्या पोलो जीटीला चिकटूनच, डिपर मारतोय, पुढं जाऊन परत स्लो करतोय, मागं आई बसलेली, हात थरथरायला लागले ओ. गाडी स्पोर्टी घेतली म्हणजे रेसच लावायची काय?

टिळकवाडी: डावीकडं घे, स्पीड कमी कर, त्याच्याकडं बघूच नको. ६० चा १२० केलास की ब्रेकला अंतर चौपट लागतं, त्यात सीझनला उसाचे ट्रॅक्टर असतात.

खानापूरवाला: थांबून ११२ ला फोन करून नंबर द्या दादा. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ हाय, रेसला पहिल्यांदा ३ महिन्यांपर्यंत कैद नाहीतर ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तुम्ही पण पळवली तर तुम्ही पण त्यातच.

निपाणीकर: नाही पळवली, आई होती ना.