अनुभव धागा: ट्यूबच्या उजेडात वाढवलेली रोपं

नाशिकला उन्हाची वाण नाही, पण ते प्रत्येक घरात पोचतं असं नाही. बोळात उघडणाऱ्या खिडक्या, वाड्यांची माजघरं, बंद केलेल्या गॅलऱ्या... अशा जागी कुणी ट्यूब किंवा सीएफएलवर रोपं वाढवली असतील तर लिहा. कोणती ट्यूब, रोपापासून किती अंतर, दिवसाचे किती तास, एवढं आवर्जून सांगा.

सुरुवात मी करते. इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमधल्या स्टोअररूमला खिडकीच नाही. तिथे लोखंडी रॅकला साखळीने टांगलेल्या ३६ वॅटच्या दोन चार फुटी ट्यूब आहेत, दोन्ही ६५०० केल्विनच्या, दुकानात 'कूल डेलाइट' म्हणून मिळतात त्या. टोमॅटो-मिरचीच्या शेंड्यांपासून चार-पाच बोटं वर. रोप वाढलं की साखळी एक कडी वर. टायमरवर १४ तास. माझं ठाम मत: वॅटपेक्षा अंतर महत्त्वाचं. छताच्या ट्यूबखाली आपल्याला पेपर वाचता येतो, रोपं मात्र उजेड शोधत काटकुळी होतात.

पंचवटी, जुना वाडा
माजघरात आफ्रिकन व्हायोलेट आहेत, सासूबाईंच्या हौसेच्या. एक ट्यूब ६५०० ची, एक पिवळसर २७०० ची. अंतर वीतभर, कारण या झाडाला फार प्रखर उजेड सोसत नाही. ट्यूबच्या टोकांशी उजेड कमी पडतो, म्हणून व्हायोलेट मधोमध आणि नेचे, मनीप्लँट कडेला. हे एवढं बदललं आणि फुलं वाढली.

गंगापूर रोड
कप्प्याची उंची कमी असेल तर टी-५ ही बारीक ट्यूब घ्या. जाडी १६ मिलिमीटर, नेहमीच्या टी-८ ची २६. पण जवळपास त्याच लांबीत २८ वॅटची आणि ५४ वॅटची अशा दोन्ही मिळतात, आणि त्यांचे चोक वेगळे. पट्टीवरचा वॅट वाचूनच ट्यूब बदला.

म्हसरूळ
शेवंतीचं वेगळं आहे. फांद्या ट्यूबखाली छान रुजतात, पण कळी धरायला तिला लांब, अखंड काळोखाची रात्र लागते. १६ तास दिवा दिला तर नुसता पाला. रुजल्यावर मी कुंड्या गच्चीत अशा कोपऱ्यात हलवते, जिथे रस्त्याचा दिवा पडत नाही.

सिडको
दोन गोष्टी. ट्यूब बंद पडायच्या बऱ्याच आधीपासून तिचा उजेड उतरत जातो, टोकं काळवंडली की माझी बदललेली असते. आणि आत पारा असतो. फुटली तर खिडक्या उघडा, झाडू फिरवू नका, तुकडे पुठ्ठ्याने गोळा करून बंद बरणीत ठेवा.

पाऱ्यामुळेच मिनामाता कराराच्या (पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार) २०२३ च्या परिषदेत या ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायचं ठरलं. म्हणजे आज नव्याने पट्टी घेणाऱ्याने एलईडीचाही विचार करावा. कुणी एलईडी ट्यूबवर व्हायोलेट फुलवली असतील तर अंतर किती ठेवलंत, ते नक्की लिहा.