बोबो मुखवट्यातून भुसा पडतोय

गोदाकाठ: पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोचा, बोबो लोकांचा म्हणून घेतलेला लाकडी मुखवटा आहे, लाल-पांढरा-काळा. पावसाळा लागल्यापासून मागच्या बारीक भोकांतून पिठासारखा भुसा पडतोय. उन्हात ठेवू का?

रंधा: ऊन नकोच, एका बाजूनं सुकलं की लाकूड तडकतं. आधी भुसा झटकून खाली काळा कागद ठेवा. नवा भुसा पडत राहिला तर कीड बहुधा जिवंत आहे. मग जाड प्लॅस्टिकच्या पिशवीतली हवा काढून, चिकटपट्टीनं बंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे. घरच्या फ्रिजमध्ये मावणार नाही, आइस्क्रीमवाल्यांचा आडवा फ्रीझर बघा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर गार लाकडावर पाणी धरतं आणि रंग सुटतो.

कुंचला: ओलं फडकं, तेल, पॉलिश, सगळं वर्ज्य. पांढरा रंग खडूचा असेल तर बोटालासुद्धा येतो. मऊ कोरडा ब्रश पुरे.

गोदाकाठ: वर आडवी रुंद फळी आहे, फुलपाखरासारखी.

नक्षीकार: मग तो बहुधा बोबोंचा नाही, शेजारच्या ब्वा लोकांचा. जुन्या पुस्तकांत ब्वांनाही 'बोबो-उले' म्हटलंय, त्यातून हा घोळ. फळी असेल तर भिंतीवर दोन ठिकाणी आधार द्या. एकाच खिळ्यावर टांगली की जोडाशी चिरते.