प्रतिसाद : नोंद खरी असण्याचा प्रश्न
मूल्ये ही कार्यालयाच्या भिंतीवर टांगण्यापुरती असतात आणि प्रकल्प चालतो तो वेळापत्रक व अंदाजपत्रकावर, हे मत मला अर्धेच पटते, कारण वेळापत्रकात भरलेली नोंद खरी असेल याची हमी वेळापत्रक देत नाही. आमच्या तालुक्यात नाला खोलीकरणाच्या कामावर मी देखरेखीला असताना एका ठिकाणी मुरूम संपून खडक लागला आणि खोली अर्धा मीटर कमी भरली. मोजमाप पुस्तिकेत पूर्ण खोली लिहावी असा वरून आग्रह झाला, परंतु टेप धरणारा मजूर आणि मुकादम दोघेही बधले नाहीत. देयक महिनाभर अडकले, बोलणी मलाच खावी लागली. मात्र पुढच्या टप्प्याचे अंदाजपत्रक खऱ्या मापावर बसले.

मूल्य भिंतीवर न टांगता कामात पाळल्याचे दुसरे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाचे : तेथील ग्रामसभा तर बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. त्यात वेळ जातो, हे खरेच. तरीही २००९ मध्ये सामूहिक वनहक्क (जंगलावरील गावाचा एकत्रित कायदेशीर हक्क) आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक हाती आल्यावर बांबूची तोड व विक्री तिने स्वतःच हाताळली.