कमांड जवळ आली असताना कंपनी बदलावी का?

रामबागकर (इंदूर)

नमस्कार. मी मूळचा इंदूरचा, रामबागेतला. गेली पाच वर्षे एका मोठ्या विमान कंपनीत ए३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे आणि माझा बेस दिल्ली आहे. उड्डाणाचे तास २,९०० झाले असून एटीपीएल (कॅप्टन होण्यासाठी लागणारा परवाना) हाती आहे. ज्येष्ठता यादीतला माझा क्रमांक पाहता कमांड अपग्रेडचे, म्हणजे कॅप्टन होण्याचे, बोलावणे वर्ष-दीड वर्षात यावे. अशात एका तुलनेने नव्या कंपनीने मला घेण्याची तयारी दाखवली आहे, मात्र फर्स्ट ऑफिसर म्हणूनच, आणि अर्थातच यादीच्या तळाशी. पगार जवळजवळ तेवढाच आहे.

मग जायचे कशाला, असे कोणीही विचारील. मागच्या पावसाळ्यात सलग तिसऱ्या पहाटेच्या ड्यूटीच्या आदल्या रात्री मी थकवा असल्याचे कळवले. ड्यूटी निमूटपणे काढण्यात आली, परंतु दोन दिवसांनी मला कार्यालयात बोलावून चहा देण्यात आला आणि "मागच्या महिन्यातही तुम्ही एकदा आजारी होता ना?" एवढेच विचारण्यात आले. कोणी आवाज चढवला नाही, कागदावर काही आले नाही. पण त्यानंतर मी एकदाही थकवा कळवलेला नाही, आणि दर वेळी मी ताजातवाना होतो असे मात्र मला प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही. नव्या कंपनीतले मित्र तिथल्या वातावरणाची स्तुती करतात. वडिलांचे म्हणणे, हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये. जाणत्यांनी मत द्यावे.

डावी खुर्ची (इंदूर)

कंपनी बदलताना तास आणि टाइप रेटिंग (विशिष्ट प्रकारचे विमान उडवण्याची पात्रता) आपल्याबरोबर येतात, क्रमांक मागे राहतो. बेस कोणता मिळणार, दिवाळीची रजा कोणाला, अपग्रेडला आधी कोण आणि मंदी आली तर घरी आधी कोण, यांपैकी बरेच काही रुजू होण्याच्या तारखेवर ठरते. तरीही त्या क्रमांकाला फार कवटाळू नये, कारण कंपनी जिवंत असेपर्यंतच त्याची किंमत असते. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेटचे शेवटचे उड्डाण १७ एप्रिल २०१९ रोजी झाले, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये जमिनीवर आली. माझीही कंपनी अशीच बुडाली. अकराव्या वर्षी मी दुसरीकडे यादीच्या तळाशी लागलो आणि ज्याला मी एके काळी सिम्युलेटरवर शिकवले होते त्याच्या उजवीकडे, सहवैमानिकाच्या खुर्चीत बसून चेकलिस्ट वाचू लागलो. तो बिचारा माझ्याहून जास्त अवघडला होता.

तुमच्या बाबतीत मात्र प्रश्न जावे की न जावे यापेक्षा कधी जावे हा आहे. आज गेलात तर पुन्हा उजव्या खुर्चीतून वाट पाहणे आले. त्यातही नव्या कंपनीची विमाने वेळेवर आली नाहीत तर अपग्रेड लांबते, म्हणून ऑर्डरचा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती विमाने आली ते विचारा. कमांड घेऊन डावीकडचे काही शे तास गाठीशी बांधलेत तर पुढची कंपनी कॅप्टन म्हणूनच बोलणी करील. एक अडचण आहे. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाच्या) २०१७ च्या नियमानुसार फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि कमांडरला एक वर्षाची. कमांडच्या प्रशिक्षणाबरोबर ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बाँड गळ्यात पडतो का, तेही सही करण्यापूर्वी वाचून घ्या.

उडाणटप्पू (ग्वाल्हेर, हवाई दलातून निवृत्त)

वरील हिशेब बिनचूक आहे, परंतु प्रश्नकर्त्याने खरी गोष्ट चहाच्या कपात सांगितली आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाले. २२ मे २०१० रोजी मंगळूरला विमान अपघातात १५८ माणसे गेली, त्या उड्डाणात तपास अहवालानुसार फर्स्ट ऑफिसरने गो-अराउंड (उतरणे सोडून विमान पुन्हा वर नेणे) करण्यास सांगितले होते आणि कॅप्टनने उतरणे चालूच ठेवले. उजवीकडच्या माणसाचा शब्द डावीकडे पोहोचतो की नाही, मी संस्कृती म्हणतो ती याला. हसून बोलणे, वाढदिवसाचा केक वगैरे गोष्टी चांगल्या आहेत, पण त्या निराळ्या.

१ जुलै २०२५ पासून आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. नियम सगळ्यांना सारखा असतो. फरक पडतो तो नियमाच्या आत राहूनही जो थकला, त्याला कसे वागवले जाते यात. म्हणून त्या मित्रांना वातावरण कसे आहे असे विचारू नका. थकवा कळवल्यावर पुढे काय झाले आणि गो-अराउंड केल्यावर कोणाला खुलासा द्यावा लागला का, एवढे दोनच प्रश्न विचारा. शिवाय वीस-पंचवीस विमानांच्या कंपनीत मुख्य वैमानिक स्वतः फोन उचलतो, शंभर झाली की तो फोन दुसऱ्याच कोणाच्या टेबलावर वाजतो. तुम्ही आज जे ऐकता आहात ते कदाचित केवळ कंपनी लहान असल्याचे सुख असेल.

अलकापुरीकर (बडोदा)

माझे यजमान वैमानिक आहेत, त्यामुळे मी ही चर्चा स्वयंपाकघराच्या बाजूने वाचते आहे. कंपनी जिवंत असली तरी क्रमांक हलतो, हे कोणी लिहिले नाही. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एक झाल्या, आणि ड्रीमलाइनर विमानांचे प्रशिक्षण कोणाला द्यायचे यावरून २०१२ मध्ये सुमारे दोन महिने संप चालला. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली तेव्हाही घरोघरी याद्यांचीच चर्चा होती.

एक व्यवहारी सूचना करते. मित्राकडून तीन महिन्यांचे जाहीर झालेले रोस्टर (ड्यूट्यांचे वेळापत्रक) मागवा आणि त्याशेजारी त्याने प्रत्यक्ष काय उडवले ते ठेवा. आमच्याकडे फ्रिजवर दोन्ही कागद चिकटवलेले असत. गणपतीच्या महिन्यात त्यांचा एकमेकांशी संबंध ओळखू येत नसे.

रामबागकर (इंदूर)

सर्वांचे आभार. अलकापुरीकरांच्या सूचनेप्रमाणे एका महिन्याचे कागद ताडून पाहिले: मित्राच्या १९ ड्यूट्यांपैकी ६ बदलल्या, माझ्या २० पैकी ११. उडाणटप्पू यांचे दोन प्रश्नही विचारले. गो-अराउंडबद्दल त्याने लगेच "कोणी काही विचारत नाही" असे सांगितले, थकव्याबद्दल थोडा थांबून म्हणाला, "मी अजून कधी कळवलेच नाही." या उत्तराचा अर्थ मला लागलेला नाही.

तूर्त कमांडच्या बोलावण्यापर्यंत थांबण्याकडे कल आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा सलग तीन पहाटेच्या ड्यूट्या आहेत. थकलो तर कळवणार आहे.

डावी खुर्ची (इंदूर)

लेखी कळवा, फोनवर नको. आणि चहाला बोलावले तर भेटीत काय बोलणे झाले, ते त्याच संध्याकाळी ईमेलने त्यांनाच लिहून पाठवा.