मदत हवी आहे: कॉल ३२ सेकंदांत तुटतो, आवाज एकतर्फी. एसबीसी (सेशन बॉर्डर कंट्रोलर, फोन यंत्रणा आणि इंटरनेटच्या मधला राखणदार) घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

सांगलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबची फोन यंत्रणा माझ्याकडे आहे. अ‍ॅस्टरिस्कचा (फोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर) सर्व्हर राउटरच्या आत, १९२.१६८.१.१० या आतल्या पत्त्यावर. बाहेरच्या कॉलसाठी एका कंपनीचा सिप ट्रंक, म्हणजे इंटरनेटवरून मिळणारी फोन लाइन. तासगाव आणि विट्याच्या कलेक्शन सेंटरमधले आयपी फोन साध्या ब्रॉडबँडवरून याच सर्व्हरला जोडलेत.

बाहेरून फोन आला की आमचा आवाज पेशंटला जातो, त्यांचा आम्हाला येत नाही. बरोबर ३२ सेकंदांनी कॉल कट. रिपोर्टसाठी फोन करणारी माणसं आधीच काळजीत असतात. 'हॅलो, हॅलो' करतात नि ठेवून देतात. फार वाईट वाटतं.

शिवाय सिपचा ५०६० पोर्ट इंटरनेटला उघडा आहे. लॉगमध्ये रात्रभर अनोळखी पत्त्यांवरून रजिस्टरच्या (फोन म्हणून नोंदणीच्या) विनंत्या येतात, १००, १०१, १०२ अशी एक्स्टेंशन चाचपत. यूजर-एजंट (पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव) 'फ्रेंडली-स्कॅनर'. फेलटूबॅन (वारंवार चुकणारे पत्ते अडवणारं सॉफ्टवेअर) लावलंय, पण एखादा पासवर्ड फुटला तर परदेशी कॉलचं बिल लॅबच्या माथी बसेल.

विक्रेता म्हणतो एसबीसी घ्या, सगळं सुटेल. फायरवॉल असताना तो वेगळं काय करतो?

रानपाखरू:
एकतर्फी आवाज आणि कॉल कट, दोन्ही त्रासांचं मूळ एकच दिसतंय. सिप फक्त कॉल जुळवतं. आवाज आरटीपीच्या पाकिटांतून वेगळा जातो, आणि तो कुठे पाठवायचा हे एसडीपीत, म्हणजे सिपसोबत जाणाऱ्या तपशिलात, लिहिलेलं असतं. तुमचा सर्व्हर तिथे १९२.१६८.१.१० लिहीत असणार. बाहेरून तो पत्ता गाठता येत नाही, म्हणून पेशंटचा आवाज येत नाही. सिप संदेशाच्या काँटॅक्ट हेडरमध्येही (पुढचे संदेश कुठे पाठवायचे ती ओळ) तोच असेल, तर तुमच्या '२०० ओके'ची ('फोन उचलला' या उत्तराची) पोच, म्हणजे 'अ‍ॅक', परत येत नाही. सर्व्हर ओके पाठवत राहतो आणि टी-१ या सिपच्या मूळ कालावधीच्या ६४ पट वेळ, म्हणजे अर्धा सेकंद गुणिले ६४, झाली की कॉल सोडतो. हेच तुमचे ३२ सेकंद.

यासाठी काही विकत घेऊ नका. पीजेसिपच्या (तुमच्या सर्व्हरमधला सिप हाताळणारा भाग) ट्रान्सपोर्टमध्ये बाहेरचा स्थिर आयपी सिग्नलिंग आणि मीडिया (आवाज) दोन्हींसाठी द्या, लोकल नेट (आतल्या नेटवर्कचे पत्ते) लिहा, राउटरमधलं सिप एएलजी (सिप संदेशातले पत्ते परस्पर बदलणारी सोय) बंद करा. आरटीपीचे पोर्ट सर्व्हरकडे वळवलेत ना, तेही बघा.

आता एसबीसी. साधी फायरवॉल पत्ता आणि पोर्ट बघते. एसबीसी कॉलच मध्ये तोडून त्याचे दोन करतो, एक बाहेरच्याशी, एक तुमच्या सर्व्हरशी. बाहेर फक्त त्याचा पत्ता दिसतो. आवाजही तोच पुढे देतो, आणि ब्रॉडबँडवरच्या फोनचं पाकीट ज्या पत्त्यावरून आलं तिथेच उत्तर पाठवतो. बाहेरच्या बाजूला टीएलएस आणि एसआरटीपी (सिप संदेश आणि आवाज यांचं एन्क्रिप्शन), विनंत्यांच्या वेगावर आणि एकाच वेळच्या कॉलवर मर्यादा. ट्रंक जिवंत आहे का हे 'ऑप्शन्स' ही सिप विनंती पाठवून तपासतो. ५०३ ('सेवा उपलब्ध नाही') आलं की कॉल दुसऱ्या ट्रंकवर वळवतो.

दोन सेंटरसाठी मी तरी घेणार नाही. सेंटर व्हीपीएनवर (इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित खासगी जोडणी) आणा, ५०६० फक्त ट्रंक कंपनीच्या पत्त्यांना उघडा ठेवा, परदेशी कॉल कंपनीकडूनच बंद करून घ्या. हे आजच करा. सेंटर वाढली तर कामाइलिओ (सिप संदेशांसाठी) आणि आरटीपीइंजिन (आवाजासाठी) या सॉफ्टवेअरचा विचार करता येईल, पण कामाइलिओ हा प्रॉक्सी आहे, संदेश पुढे देणारा. तो स्वतःहून कॉलचे दोन तुकडे करत नाही.

धागाकर्ता:
मनापासून आभार! पत्ते घातले, एसएनग्रेपमध्ये (सिप संदेश दाखवणारं साधन) आता 'अ‍ॅक' येताना दिसतोय आणि कॉल टिकतोय. परदेशी कॉल बंद करायला कंपनीला मेल केलाय. आता व्हीपीएन: विट्यात एकच फोन आहे. फोनमध्येच ओपनव्हीपीएनची सोय आहे, ती वापरू की तिथला राउटर बदलू?